पडद्यामागची बाजू

सकाळचं ऊन नव्या हॉलच्या फरशीवर अर्ध्यापर्यंत आलं होतं. सत्यभामाबाई आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होत्या. पिवळी पानं मांडीवरच्या कागदात, हिरव्या काड्या ताटलीत. आत सून रुपालीचा कुकर शिट्टीच्या बेतात होता, मुलगा धम्मरत्न आंघोळीला गेला होता, आणि रविवार असूनही जिनिंगकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागल्याचं रस्त्यावरच्या धुळीवरून कळत होतं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

त्या उठल्या, ताटली खाली ठेवली, आणि मागच्या दाराशी जाऊन कडी काढली. मागे पेरूचं झाड होतं, तारेवरची धुणी होती, माणूस कोणीच नव्हता. वळून पाहतात तो रुपाली ओले हात पदराला पुसत पुढच्या दाराकडे निघालेली. मग सत्यभामाबाईंनी हात वर करून दोन पेरू तोडले आणि त्यासाठीच मागे आलो होतो अशा थाटात पुढे आल्या.

त्या घरात पेरू फार निघत. कढीपत्ताही गरजेपेक्षा जास्त तोडला जाई. आलेला माणूस पुढे की मागे हे सत्यभामाबाईंना थापेवरून ओळखता येत नसे, आणि चुकीच्या दाराशी गेलेल्या बाईला रिकाम्या हातानं परत येणं बरं दिसत नाही.

त्यांचा डावा कान धम्मरत्न पहिलीत होता तेव्हा गेला. पोराला गालफुगी झाली, त्याच्याकडून ती त्यांना लागली. पोरगा चार दिवसांत गोट्या खेळू लागला. त्या मात्र तापात पडून राहिल्या, आणि ताप उतरला तेव्हा डाव्या बाजूला कोणीतरी दार लोटून घेतल्यासारखं झालं होतं. दुखलं नाही, वाहिलं नाही. उजवा कान शाबूत होता, इतका की शेजारच्या घरातला चहा उकळलेला त्यांना समजे. पण एका कानाच्या माणसाला ऐकू येतं, कुठून ते कळत नाही. हाक, हॉर्न, कुत्रं, गडगडाट, सगळं त्यांच्या लेखी उजवीकडूनच यायचं. त्यांच्या जगाला एकच बाजू उरली होती.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. तेव्हा त्या दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कामाला जात. शेजारच्या मशीनवर शीला नावाची बाई होती. मशीनच्या घरघरीनं तिचे कान गेले आणि वर्षभरात तिचं नावही गेलं. मुकादम म्हणायचा भैरीले बोलवा, बाया म्हणायच्या भैरीचा डबा कुठं ठेवला. पुढं तर तिच्या नातवाच्या बारशाला निघालेल्या बाया रस्त्यात एकमेकींना भैरीच्या घरी चाललो म्हणून सांगू लागल्या. शीला हे नाव तिच्या नवऱ्याखेरीज कोणाच्या तोंडी राहिलं नाही. सत्यभामाबाईंना आपलं लांबलचक नाव फार आवडायचं. ते त्यांनी जपलं.

फक्त एका माणसाला कळलं, आणि तेही न सांगता. डोमाजी, त्यांचे यजमान. दोघं कामावर बरोबर जात, डोमाजी नेहमी डाव्या हाताला चालत. एक दिवस मधेच थांबून ते मागून फिरून उजव्या हाताला आले आणि जे बोलत होते तेच पुढे बोलू लागले. त्यानंतर शेवटपर्यंत त्या बाजूला चालले. त्या गोष्टीवर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. डोमाजी गेल्यावर उजवी बाजू मोकळी झाली आणि घरात हे जाणणारं कोणी उरलं नाही.

म्हणून तो कोपरा. नवा हॉल बांधला तेव्हा टीव्हीकडे तोंड करून बसलं की डाव्या हाताचा कोपरा त्यांनी पहिल्याच दिवशी धरला. त्या कोपऱ्यात बसलं की डावीकडे फक्त भिंत. दार, दिवाण, टीव्ही, माणसं सगळी उजवीकडे. जेवणं झाली की रुपाली खुर्चीच्या उजव्या अंगाला खाली बसे, भिंतीला पाठ टेकवून, मेथी नाहीतर शाळेतल्या पोरांच्या वह्या घेऊन. टीव्ही चालू असे आणि तो कोणी पाहत नसे. त्या गोंगाटाच्या आडोशाला रुपाली हळूहळू बोलायची. मुख्याध्यापिकेचा तिरसटपणा, महागावला असलेल्या आईचे गुडघे. दोन वर्षांपूर्वी पोटातलं राहिलं नाही, तेव्हा त्याचं जे काही बोलायचं होतं ते ती इथंच बोलली, जाहिराती सुरू असताना, मेथीच्या काड्या मोडत. डोळ्याला डोळा भिडवायला लागत नाही म्हणूनच ते बोलणं निघत असावं. सत्यभामाबाई समोर बघत ऐकायच्या आणि मधूनच हात खाली सोडून तिच्या डोक्यावर ठेवायच्या.

आणि आता दोन-तीन दिवसांपासून रुपाली फोडणीच्या वासाला तोंड फिरवत होती. आज सकाळी चहा अर्धा ठेवला. सत्यभामाबाईंनी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. असलं विचारायचं नसतं, येऊ द्यायचं असतं. ती सांगेल तर संध्याकाळी सांगेल, कोपऱ्यात. त्या वाट पाहत होत्या.

दारात वाहिद उभा होता, मागे ऑटो, ऑटोत खोकेच खोके. बसस्टँडजवळ त्याचं दुकान. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, वाहिद टीव्ही, डिश आणि आता हे होम थिएटर. उंच, सडसडीत माणूस, बोलताना हातातल्या वायरीशी बोलतो की समोरच्याशी ते कळत नाही असा. धम्मरत्नाचा शाळेतला जोडीदार.

होम थिएटरचं प्रकरण महिनाभर गाजत होतं. नवा हॉल, नवा मोठा टीव्ही, आणि आवाज मात्र डब्यात माशी अडकल्यासारखा, ही धम्मरत्नाची तक्रार. तो जिनिंगच्या वजनकाट्यावर दिवसभर माणसांच्या आरडाओरडीत बसायचा, पण सिनेमातला आवाज त्याला मोठाच हवा होता. चारी बाजूंनी हवा होता. त्याला पाच डब्यांचा सेट पाहिजे होता, पुढं तीन, पाठीमागं दोन. रुपालीला हवी होती टीव्हीखाली ठेवायची लांब काळी पट्टी. तिचं म्हणणं, पाच डबे म्हणजे पाच ठिकाणची धूळ आणि पाच वायरी, आणि त्या पुसणार कोण हे सगळ्यांना माहीत आहे. दोघं एकदा यवतमाळला जाऊन आले. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या मोठ्या दुकानात एकानं असा काही दणका वाजवून दाखवला की रुपाली कानांवर हात ठेवून बाहेर आली आणि दोघं जिलबी घेऊन परतले. शेवटी वाहिदनंच तोड काढली. दुकानातला आवाज दुकानाचा असतो, तो म्हणाला, घरातला घरी ऐकावा. दोन्ही आणतो, दिवसभर लावून पाहा, संध्याकाळी एक ठेवा, एक मी परत नेतो.

धम्मरत्न टॉवेल गुंडाळून बाहेर आला तो खोकी बघून लहान पोरासारखा खूश झाला. दोघांच्या भांडणाचा निकाल कोणी द्यायचा हेही त्यानंच ठरवून टाकलं: माय सांगेल ते ठेवू. रुपालीही लगेच कबूल झाली, कारण आई आपल्या बाजूनं बोलतील याची तिला खात्री होती. धम्मरत्नालाही तीच खात्री होती. सत्यभामाबाईंनी हो म्हटलं आणि पेरू कापायला घेतले.

वाहिदनं हॉलचा अंदाज घेतला. भिंतींवर टिचक्या मारल्या, पडदे ओढून पाहिले, खिडकी किती मोठी ते पाहिलं. कोणताही सेट ठेवा, त्यानं सांगितलं, त्याच्यासोबत एक मोठा डबा येतोच, जड आवाजाचा, वूफर म्हणतात त्याला. छातीत ठोका बसतो तो त्याचा. आणि तो कोपऱ्यात ठेवला तरच घुमतो, दोन भिंती त्याला धरून ठेवतात. त्यानं खिडकीकडचा कोपरा पाहिला. तिथं प्लग नव्हता. मग त्याची नजर सत्यभामाबाईंच्या खुर्चीवर आली. खुर्चीमागे भिंतीत प्लग होता.

खुर्ची धम्मरत्नानं स्वतः उचलली. चार पावलांचं तर काम होतं, दिवाणाच्या या टोकाकडून त्या टोकाला, खिडकीपाशी. इथं तुला उजेड येईल माय, तो म्हणाला, निवडायला-टिपायला बरं. सत्यभामाबाई खुर्ची गेलेल्या जागेकडे पाहत राहिल्या. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार पुसट ठसे होते. वाहिदनं त्या ठशांवर काळा खोका सरकवला आणि तो बरोबर बसला.

मला तिथंच बसू दे, त्या म्हणाल्या होत्या खरं. पण एवढं हळू, की धम्मरत्नानं ते म्हातारपणाचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेलं आणि कामावर निघून गेला. कापसाच्या दिवसांत काट्याला रविवार नसतो. रुपाली मागे कपडे धुवायला गेली.

हॉलमध्ये राहिले वाहिद आणि त्या. टीव्ही लाकडी शोकेसवर होता. वाहिदनं शोकेस भिंतीपासून पुढे ओढलं आणि तो मागे उकिडवा बसला. त्याचं डोकंही दिसेना, फक्त वायरी सरपटताना दिसायच्या. पाचही डबे त्यानं जागच्या जागी ठेवले होते. आता कोणती वायर कोणाची हे तपासायचं होतं, आणि मशीनमध्ये त्यासाठी सोय होती. एकेक डबा आळीपाळीनं सूं करतो, वाऱ्यासारखा.

"मावशी, तुमी मधात बसा दिवाणावर. मी मांगून एकेक वाजवतो. आवाज कोन्या बाजूनं आला तेवढं सांगा फक्त."

त्या मधोमध बसल्या. पडदे ओढलेले होते, हॉलमध्ये पिवळसर अंधार झाला होता. समोर टीव्हीची मोठी काळी काच आणि तिच्या मागे माणूस. सूं असा आवाज झाला, ज्वारीच्या शेतातून वारा जावा तसा.

"उजवीकडून," त्या म्हणाल्या.

वाहिद मागे चुळबुळला. त्यानं डावा वाजवला होता. तो स्वतः उलट्या तोंडानं बसलेला, डोकं शोकेसच्या फळ्यांत अडकलेलं. त्याचा डावा तो मावशींचा उजवा, आणि वायरींवर त्यानं चिकटपट्ट्या लावल्या होत्या त्या पाहणाऱ्याच्या हिशोबानं की टीव्हीच्या, हे आता त्यालाच आठवेना. त्यानं दोन वायरी काढल्या, उलट केल्या, पुन्हा वाजवलं.

"आता?"

"उजवीकडूनच."

मागे सगळं शांत झालं. त्या शांततेवरून सत्यभामाबाईंना कळलं की आपलं उत्तर बदलायला हवं होतं. माणसाच्या गप्प होण्यावरून पुष्कळ कळतं, एवढ्या वर्षांत त्या त्यावरच तर चालल्या होत्या. पुन्हा सूं झालं. थांब बापा, त्या म्हणाल्या, आता डावीकडून वाटून राह्यलं. वाहिदनं सुस्कारा सोडला आणि वायरी पक्क्या बांधून टाकल्या.

पाठीमागच्या दोन डब्यांचं काम सुरू झालं. सूं, मग थोडं थांबून सूं. त्यांनी डोळे मिटले. असा वारा त्यांच्या ओळखीचा होता. पांढऱ्या चादरीतून जाणारा.

लहानपणी त्यांच्या गावात जयंतीला सिनेमा यायचा. बौद्धवाड्यातल्या विहाराजवळ दोन बांबू रोवायचे, मधे दोन चादरी शिवून केलेला पडदा. पुढची जागा पुरुषांनी आणि पोरांनी भरून जायची. बायका-पोरी मागे बसत, पडद्याच्या पलीकडच्या अंगाला. चित्र दोन्हीकडून दिसायचं, मागून थोडं फिकं आणि उलटं. सत्यभामानं सगळे सिनेमे असेच पाहिले. तिच्या सिनेमातली सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं मारामारी करायची, सलामही डाव्यानं. पाट्यांवरची अक्षरं आरशातली असायची. वारा आला की पडदा फुगायचा आणि नायिकेचा चेहरा पोटुशा बाईसारखा गोल होऊन बायकांच्या अंगावर यायचा, मग मागे सरायचा. कर्णा मात्र मागेच बांधलेला असायचा, बायकांच्या डोक्यावर, म्हणून आवाज त्यांच्या वाट्याला पुढच्यांपेक्षा जास्त यायचा. तेवढं बरं होतं.

डोमाजी त्याच गावचे. ते पुढे बसत. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यातच दोघांचं भांडण झालं ते एका आगगाडीवरून. सिनेमाच्या शेवटी नायिका गाडीत बसून निघून जाते. सत्यभामा म्हणाली, गाडी उजवीकडं गेली. डोमाजी म्हणाले, डावीकडं गेली, मी या डोळ्यांनी पाह्यली. दोघांनी एकच गाडी पाहिली होती आणि दोघंही खरं बोलत होते. कारण लक्षात यायला वेळ लागला, आणि लक्षात आल्यावरही भांडण त्यांनी सोडलं नाही. पुसदच्या बसमध्ये बसले की डोमाजी हळूच विचारायचे, आपली गाडी कुणीकडं चालली वं? आणि त्या खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, उजवीकडं.

मिटल्या डोळ्यांसमोर चादर फुगली, खाली बसली. पलीकडे कोणीतरी होतं. त्याच्या हातातल्या वायरीची सावली पडद्यावर हलत होती. डोमाजी इकडे बायकांच्या बाजूला कसे आले, असं वाटून त्यांना हसू आलं, आणि उजवीकडे जागा करायला त्या डाव्या हाताला सरकल्या.

"मावशी, झोपल्या का?" वाहिद शोकेसवरून डोकावत होता, डोक्याला जाळी लागलेली.

नाही म्हणाल्या. पडद्यामागून कोण आलं ते पाहत होते.

संध्याकाळी धम्मरत्न आला, कपड्यांवर कापसाचे तंतू, हातात चिवड्याची पुडी. वाहिद मगरिबची नमाज आटोपून निकालासाठी परतला होता. आधी पट्टी ऐकायची, मग डबे, असं ठरलं. सगळे बसले. धम्मरत्न आणि वाहिद दिवाणावर. सत्यभामाबाई खिडकीकडच्या टोकाला, नव्या जागी. रुपाली चहाचे कप ठेवून आली आणि सवयीनं त्यांच्या खुर्चीच्या उजवीकडे जाऊ लागली, तर तिथं भिंत. ती वळसा घालून डावीकडे खाली बसली, खुर्चीच्या पायाला पाठ टेकवून.

पट्टीचा आवाज स्वच्छ होता, माणसाचं बोलणं नीट कळत होतं. रुपालीनं मान डोलावली. मग वाहिदनं पाच डबे सुरू केले आणि टीव्हीवर त्याच्याजवळचं खास दाखवायचं चित्र लावलं. हिरवं रान, मधून रूळ, आणि लांबून येणारी आगगाडी.

गाडी डावीकडून आली, हॉलभर धडधडली, कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यानं फरशी हलवली, आणि गाडीचे डबे एकामागून एक उजवीकडे निघून गेले. धम्मरत्न पुढे झुकला. त्यानं रिमोट मागितला, गाडी पुन्हा आणली. मग हसत सुटला.

"वाहिद, गाडी पुसदले चालली अन् आवाज दारव्ह्याले चालला. काय लावलं बे तू हे?"

वाहिदनं ऐकलं, पुन्हा ऐकलं, कान धरले. खरंच आवाज उलटा पळत होता. उजव्याच्या वायरी डाव्याला गेल्या होत्या. त्यानं शपथेवर सांगितलं की मी बरोबर लावलं होतं, मावशींनी सांगितलं म्हणून उलटं केलं. घरी बायकोला, शगुफ्ताला, हे सांगितलं तर ती उद्यापासून मिक्सरचं झाकणसुद्धा मला लावू देणार नाही, तो म्हणाला. सगळ्यांचे चेहरे सत्यभामाबाईंकडे वळले. ओठ हलत होते, हसत होते. धम्मरत्न विचारत होता, माय, तुले डावं-उजवं नाही समजत काय?

तिथंही त्यांना वाट सापडली. इतकी वर्षं सापडत आली तशीच. "मी सिनेमे पडद्याच्या मांगून पाह्यले बापा," त्या म्हणाल्या. "मले गाडी उलटीच दिसते."

मग काय, आगगाडीचं ते जुनं भांडण निघालं, उजवं निघालं, डावं निघालं. धम्मरत्नानं बापाची नक्कल केली, आपली गाडी कुणीकडं चालली वं. वाहिद डोळे पुसत वायरी बदलायला शोकेसमागे गेला. सत्यभामाबाईही हसल्या. पेरू तोडून पुढच्या दाराशी यावं तशा अगदी वेळेवर हसल्या.

गाडी पुन्हा सुरू झाली, आता बरोबर दिशेनं. धम्मरत्न डोळे विस्फारून बघत होता. त्या आवाजात हॉल कुठं तरी निघाल्यासारखा वाटत होता, खिडकीचे पडदे थरथरत होते, चहाच्या कपात वर्तुळं उठत होती. सत्यभामाबाईंना ते आवडलं. खरंच आवडलं. गाडी उजवीकडेच आली, उजवीकडेच गेली, पण त्यांच्या मनात ती चादरीवरून जात होती आणि चादर श्वास घेत होती.

मग त्यांना उगीच वाटलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं.

रुपाली त्यांच्याकडे मान वर करून बघत होती. तिचे ओठ नुकतेच मिटले होते. गालावर असा रंग होता की तिनं काहीतरी बोलून टाकलं होतं, आणि आता ती थांबली होती. खुर्चीच्या हातावर तिची बोटं होती. गाडीच्या धडधडीच्या आडोशाला, जाहिरातींच्या आडोशाला बोलायची तशी, तिनं सांगितलं होतं. डाव्या बाजूला.

सत्यभामाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. काय बोलली असेल ते त्यांना माहीत होतं, म्हणजे बहुतेक माहीत होतं. मान डोलावता आली असती. हात डोक्यावर ठेवता आला असता, आणि रुपालीला वाटलं असतं की आईंनी ऐकलं. पण ते शब्द त्यांनी ऐकले नव्हते. आणि ती ते बोललीच नसेल तर? आईचे गुडघे असतील, शाळेतलं काही असेल, तर त्यावर डोक्यावर हात ठेवून हसायचं कसं? रुपालीनं क्षणभर वाट पाहिली. मग बोटं मागे घेतली, पदर नीट केला आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. आई खुर्चीवरून रुसल्यात, असंच तिला वाटलं असणार. मेथीही नव्हती आज तिच्या हातात, मोडायला.

डोमाजी असते तर न बोलता उठून रुपालीला पलीकडून आणून बसवलं असतं. पण पलीकडे भिंत होती.

वाहिदनं मशीन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की बाहेरून दिग्रसच्या रस्त्यावरची बस गेलेली ऐकू आली. कुणीकडं गेली कोण जाणे.

"तर सांग माय," धम्मरत्न म्हणाला. "पट्टी ठेवाची का पाच डबे? तू म्हणशील ते."

रुपालीनं वर पाहिलं नाही. वाहिद वायरीचं वेटोळं हातात धरून उभा होता. शीला, त्यांच्या मनात आलं, तुझं नाव शीला होतं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि धम्मरत्नाकडे न बघता कोपऱ्यातल्या त्या मोठ्या काळ्या डब्याकडे बघत बोलल्या.

"कोणतंही ठेवा. मले दोन्ही आवडले. फक्त तो डबा वायर वाढवून इकडं खिडकीकडं आणा अन् माझी खुर्ची पहिल्यासारखी त्या कोपऱ्यात ठेवा. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही, अन् रुपाली आता काय बोलली ते मले ऐकाचं आहे."